इनामगावची काडीने जोडलेली जोडी

हात-पाय हलणाऱ्या बाहुल्यांसाठी मी छोटी चिलखतं बनवतो. म्हणून इनामगावच्या मातीच्या मूर्तींचा फोटो पाहिला, तेव्हा नजर आधी भोकांवर गेली!

घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची, शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल सापडला. वय तीन हजार वर्षांहून जास्त.

स्त्रीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधून काडी घातली की ती बैलावर बसते. केवढी सुंदर कल्पना!

ती काडी म्हणजे सांधाच. चिलखतातही आधी सांधा बघा. खांद्यावर अखंड पत्रा लावला तर हात वर जात नाही. एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या करा, तार सैल ओवा.

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याला चिलखत करायचंय? उंची आणि छातीचं माप लिहून बिनधास्त विचारा.