अधिकार आणि सेवा : धर्मसत्तेविषयी ख्रिस्ती विचार

आपल्या मराठी भाषेत 'अधिकार' हा शब्द दोन निराळ्या ठिकाणी वावरतो. मामलेदाराला अधिकार असतो. आणि एखाद्या सत्पुरुषाविषयी बोलतानाही 'त्यांचा अधिकार फार मोठा' असे आपण म्हणतो. पहिला अधिकार सरकारी हुकमाने मिळतो व बदलीच्या हुकमाबरोबर जातो. दुसरा कोणी दिलेला नसतो. लोकांनी तो ओळखलेला असतो. एकाच शब्दाच्या पोटी हे दोन अर्थ नांदतात आणि व्यवहारातही त्यांची सरमिसळ होते. गादीवर बसलेल्या माणसाला गादीची सत्ता हीच आपली योग्यता वाटू लागते, आणि ज्याची योग्यता खरी आहे त्यालाही हळूहळू हुकूम सोडण्याची गोडी लागते. मठ असो, देवस्थान असो की चर्च असो, हा रोग सगळीकडे सारखाच आहे. ख्रिस्ती परंपरेने जवळजवळ दोन हजार वर्षे या प्रश्नाचा विचार केला, प्रचंड सत्ता हाताळली आणि त्या सत्तेपायी मोठे अपराधही केले. म्हणून तिच्या अनुभवाकडे पाहिल्यास, ती परंपरा आपली असो वा नसो, काही शिकण्यासारखे हाती लागते.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आध्यात्मिक सत्ता ही राजसत्तेहून सौम्य नसते. राजाची तलवार शरीरापर्यंत पोहोचते. शिपाई दाराशी आला तर माणूस निदान मनातल्या मनात त्याला शिव्या देऊ शकतो. पण ज्याला आपण गुरू मानले त्याने 'हे पाप आहे' असे म्हटले की, माणूस स्वतःच स्वतःवर पहारा करू लागतो. तेथे शिपायाची गरज उरत नाही. अशी सत्ता चांगल्या हाती असेल तर बुडणाऱ्याला वर काढते. वाईट हाती पडली तर मनुष्याचे मनच ताब्यात घेते, आणि गुलामाला आपण गुलाम आहोत याचा पत्ताही लागत नाही.

शुभवर्तमानांत येशूच्या कार्याचा आरंभच या प्रश्नाने होतो. अरण्यात चाळीस दिवसांचा उपवास झाल्यावर सैतान त्याला तीन मोह घालतो, अशी कथा मत्तय आणि लूक यांनी सांगितली आहे. दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून दाखव, आणि मला नमन करून जगातली सारी राज्ये घे, असे ते तीन मोह. बारकाईने पाहिले तर तिन्ही मोह सत्तेच्या दुरुपयोगाचे आहेत. पहिल्यात ती स्वतःच्या पोटासाठी, दुसऱ्यात लोकांना दिपवण्यासाठी आणि तिसऱ्यात राज्य मिळवण्यासाठी वापरायची आहे. येशू तिन्ही नाकारतो. मात्र पुढे हाच येशू हजारोंना भाकरी पुरवतो, असे तीच शुभवर्तमाने सांगतात. तेव्हा आक्षेप भाकरी करण्याला नाही. ती कोणासाठी करायची एवढाच प्रश्न आहे.

दुसरा प्रसंग शिष्यांचा. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ येशूकडे येऊन मागणी करतात की, आपल्या वैभवात आम्हांला उजव्या व डाव्या हाताला बसवावे. इतर दहाजण हे ऐकून रागावतात; त्यांनाही त्याच जागा हव्या असणार! येशूच्या उत्तराचा आशय असा की, परराष्ट्रांचे राजे आपल्या प्रजेवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसे असू नये. ज्याला मोठे व्हायचे असेल त्याने सर्वांचा चाकर व्हावे. आणि योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे शेवटच्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. आपल्याकडे शिष्याने गुरूचे पाय धुवावेत, हे आपण लहानपणापासून पाहतो. येथे उलटे घडले, म्हणून पेत्र गोंधळला आणि आधी नकोच म्हणाला. या प्रसंगातली एक गोष्ट पुष्कळदा निसटते. येशूने पाय धुताना आपले गुरुपद सोडले नाही. मी तुमचा गुरू आहे हे त्याने तेथेच स्पष्ट सांगितले. सत्ता टाकून देणे सोपे असते. ती हाती ठेवून खाली वाकणे कठीण असते.

पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळींतही हा प्रश्न लगेच उभा राहिला. शोमरोनातील शिमोन नावाच्या जादूगाराने प्रेषितांपुढे पैसे ठेवून त्यांची शक्ती विकत मागितली, अशी कथा 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. पेत्राने त्याला झिडकारले. पुढे युरोपात धर्मपदांची खरेदी-विक्री सुरू झाली तेव्हा त्या पापाला या शिमोनाचेच नाव पडले. पौलाने आपला निर्वाह तंबू बनवण्याच्या धंद्यावर चालवला. उपदेशकाला लोकांकडून पोटापुरते घेण्याचा हक्क आहे, हे त्याला मान्य होते; तरी करिंथच्या मंडळीकडून त्याने ते घेतले नाही. आपल्याला मिळालेला अधिकार उभारण्यासाठी आहे, पाडण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे विधान त्याने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात दोनदा केले आहे. आणि अंत्युखियात पेत्र चुकतो आहे असे दिसताच याच पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. प्रेषितांमध्ये जो अग्रणी, त्यालाही चारचौघांत चूक दाखवता येते, हा दाखला ख्रिस्ती धर्मग्रंथातच नमूद होऊन राहिला, हे महत्त्वाचे आहे.

इथवर चर्चच्या हाती राजदंड नव्हता. चौथ्या शतकात चित्र पालटले. ३१३ साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि ३८० साली थिओडोसिअस बादशहाने त्याला राजाश्रयाचे स्थान दिले. छळ सोसणारे लोक आता दरबारात बसू लागले. या नव्या परिस्थितीत आध्यात्मिक सत्तेचे काय झाले, हे एका माणसाच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके शंभर ग्रंथांतही दिसणार नाही. तो माणूस म्हणजे मिलानचा बिशप अँब्रोज.

अँब्रोज मूळचा सरकारी अधिकारी, मिलानच्या प्रांताचा सुभेदार. ३७४ साली बिशपच्या निवडणुकीत दंगा होऊ नये म्हणून तो बंदोबस्ताला गेला आणि लोकांनी त्यालाच बिशप करा असा गजर केला. तोवर त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता! आठवड्याभरात बाप्तिस्मा होऊन तो बिशप झाला. पुढे ३९० साली थेसालोनिका शहरात बुथेरिक नावाच्या सेनाधिकाऱ्याने रथशर्यतीतील एका लोकप्रिय सारथ्याला कैद केले म्हणून दंगल झाली आणि जमावाने बुथेरिकला ठार मारले. बादशहाच्या सैन्याने त्याचा सूड घेतला. अपराधी-निरपराधी न पाहता लोक कापले गेले. पुढच्या शतकातील इतिहासकार थिओडोरेट मृतांचा आकडा ७,००० देतो. त्या काळी बादशहाला जाब विचारणारे न्यायालय जगात कोठेही नव्हते. अँब्रोजने त्याला स्वहस्ते एक खाजगी पत्र लिहिले आणि कळवले की, पश्चात्ताप केल्याशिवाय आपल्यासमोर मी प्रभुभोजनाचा विधी करू शकत नाही. बादशहा नमला. राजचिन्हे उतरवून त्याने सर्वांदेखत प्रायश्चित्त घेतले, आणि नाताळाच्या सुमारास त्याला पुन्हा प्रभुभोजनात घेण्यात आले. अँब्रोजने चर्चच्या दारात बादशहाला अडवल्याची चित्रे युरोपातील मोठमोठ्या चित्रकारांनी काढली आहेत. दारातला तो देखावा नंतरच्या कथाकारांनी रंगवला असावा, असे आजचे अभ्यासक मानतात. पत्र मात्र खरे आहे, आणि नाट्याहून ते अधिक मोलाचे आहे. चारचौघांत बादशहाचा अपमान करून वाहवा मिळवण्याऐवजी अँब्रोजने त्याला एकांतात सुधारण्याची संधी दिली.

ही झाली गौरवाची बाजू. आता दुसरी. या घटनेच्या दोनच वर्षे आधी, ३८८ साली, युफ्रेटिस नदीकाठच्या कॅलिनिकम या गावी ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे प्रार्थनामंदिर जाळले. त्याला तेथील बिशपचीच फूस होती. थिओडोसिअसने न्यायाचा हुकूम दिला की, ते मंदिर बिशपने स्वखर्चाने बांधून द्यावे आणि अपराध्यांना शिक्षा व्हावी. अँब्रोजने या हुकमाविरुद्ध बादशहाला पत्र लिहिले, त्याच्यासमक्ष प्रवचन केले, आणि हुकूम मागे घेण्याचे वचन मिळेपर्यंत उपासना पुढे चालवण्यास नकार दिला. बादशहा तेव्हाही नमला. ज्यांचे मंदिर जळले त्यांना न्याय मिळाला नाही.

माणूस तोच, बादशहा तोच, शस्त्रही तेच. एकदा ते शस्त्र ज्यांचा कोणी वाली नव्हता अशा मृतांच्या वतीने उगारले गेले. दुसऱ्यांदा ज्यांचा कोणी वाली नव्हता अशा जिवंतांच्या विरुद्ध. अँब्रोज ढोंगी नव्हता. दोन्ही वेळा आपण देवाचेच काम करीत आहोत, अशी त्याची खात्री होती. त्यावरून एक धडा मिळतो, आणि तो कडू आहे. सत्ताधाऱ्याची स्वतःची खात्री ही सदुपयोगाची कसोटी होऊ शकत नाही. कसोटी हीच की, त्या सत्तेचा भार शेवटी कोणाच्या अंगावर पडला.

विचारवंतांनी हा धडा ओळखून काही नियम घालण्याचा प्रयत्न केला. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली तीत मठाधिपतीला फार मोठा अधिकार दिला आहे. पण महत्त्वाच्या प्रसंगी त्याने सर्व बंधूंना बोलवावे, आणि कित्येकदा देव धाकट्यालाच योग्य गोष्ट सुचवतो म्हणून लहानांचेही ऐकावे, असे बजावले आहे. भांड्याचा गंज घासताना भांडेच फुटू नये, अशा अर्थाचा त्याचा दृष्टान्त प्रत्येक शिक्षकाने मनात ठेवण्याजोगा आहे. ५९० साली पोप झालेल्या थोरल्या ग्रेगरीने धर्मपालकाच्या कर्तव्यावर ग्रंथ लिहिला आणि स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवले. ते बिरुद पुढे पोपांच्या पदवीतच जाऊन बसले. बिरुदे टिकली, सेवाभाव मात्र प्रत्येक वेळी टिकला नाही, हे पुढील इतिहासाने दाखवले. असो.

आता आपल्या घराकडे वळू. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. पण लवकरच वाद निघाला. चर्चची सर्व मते जशीच्या तशी मानावीत, अशी धर्ममातेची अपेक्षा होती. रमाबाई आपली शंका बोलून दाखवत. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे की नाही, यावरही हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की, पुरोहितांच्या एका जोखडातून मी नुकती सुटले आहे, दुसरे तसलेच जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे. देवाने मला स्वतःची विवेकबुद्धी दिली आहे. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. तो जरूर वाचावा. त्यात प्रेम आणि हुकूम एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे पदोपदी दिसते. जेराल्डीनबाई दुष्ट नव्हत्या. रमाबाईंचे भले कशात आहे हे रमाबाईंपेक्षा आपल्यालाच अधिक कळते, अशी त्यांची समजूत होती.

परंतु पुढे सत्ता रमाबाईंच्या हाती आली. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. मुलींच्या धर्मात हात घालायचा नाही, असे संस्थेचे धोरण होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा शहरात गहजब झाला, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. रमाबाईंची बाजू अशी की, मी कोणावर सक्ती करत नाही, पण माझी प्रार्थना लपवूनही करणार नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, जिला जगात दुसरा आसरा नाही त्या मुलीच्या बाबतीत सक्ती न करणे एवढ्याने भागत नाही. जिच्या हातचे अन्न खायचे तिचे वर्तन हाच मोठा आग्रह असतो. मुलींना आश्रय देण्यास पुढे न येणाऱ्या समाजाने हा आक्षेप घ्यावा, यात विसंगती होती, हे खरे. तरीही आक्षेपात तथ्यच नव्हते, असे म्हणता येत नाही. वाँटेजला जो प्रश्न रमाबाईंनी विचारला, तोच पुण्यात त्यांच्या दारी उभा राहिला. दात्याच्या हेतूची शुद्धता ही घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याची हमी नव्हे.

आजच्या काळातही हा विषय शिळा झालेला नाही. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार वरिष्ठांनी वर्षानुवर्षे दडपले आणि अपराध्यांच्या फक्त बदल्या केल्या, हे अमेरिकेतील बोस्टन शहरात २००२ साली वर्तमानपत्राने उघडकीस आणले. असे प्रकार वरिष्ठांना कळवण्याचे बंधन २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंवर घातले. संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी दुबळ्याचा बळी दिला, तो कॅलिनिकमचाच किस्सा पुन्हा घडला. उलट २०१३ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी वार्धक्यामुळे शक्ती पुरत नाही असे सांगून पद सोडले. सुमारे सहाशे वर्षांत कोणा पोपाने असे केले नव्हते. गादी ही माणसाहून वेगळी आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले.

या सर्वांतून काही साधे प्रश्न निघतात, ते आपल्याला कोणत्याही संस्थेस विचारता येतील. येथील सर्वांत दुबळ्या माणसाला ही सत्ता आधार देते की त्याच्यावर ओझे घालते? वरच्याला खालच्याने चूक दाखवली तर त्याचे काय होते? 'नाही' म्हणणाऱ्याचे अन्न, छप्पर आणि मान शाबूत राहतो काय? आणि पद सोडण्याची वेळ आली तर ते सुटते काय? हे प्रश्न मठाधिपतींना विचारताना ते स्वतःलाही विचारावे लागतील. घरात बापाला, वर्गात मास्तरांना, संस्थेत चिटणीसाला दुसऱ्याच्या मनावर थोडीबहुत सत्ता असतेच. आपण आपल्या मुलाला 'तुझ्या भल्यासाठीच' असे म्हणतो तेव्हा वाँटेजच्या जेराल्डीनबाई आपल्या तोंडून बोलत असतात. त्या वेळी मुलाचे उत्तर ऐकून घेण्याइतका धीर आपल्याजवळ असला, तर पुष्कळ काम झाले.