नवा ट्रान्झिस्टर सगळ्यात शेवटी (जुन्या ॲम्प्लिफायरची दुरुस्ती : लेखांक ६)

श्रावण लागला की अंबरनाथ-बदलापूरकडच्या साउंडवाल्यांचे जुने ॲम्प्लिफायर माळ्यावरून खाली येतात. गणपती तोंडावर, आणि स्विच टाकताच फ्यूज उडतो. मीटर लावला तर आउटपुट ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर शॉर्ट. मग उल्हासनगरहून नाहीतर लॅमिंग्टन रोडवरून नवी जोडी आणायची, बसवायची, आणि तीही त्याच क्षणी जाते. पैसे जातात ते जातातच. शिवाय दोष नव्या मालावर येतो आणि खरं कारण आत तसंच राहतं.

भोंग्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये बरेचदा २एन३०५५ असतो : धातूच्या टोपीचा, ६० व्होल्ट, १५ अँपिअरचा दणकट गडी. तो उगाच जात नाही. पावसात बांबूवरून नेलेल्या १०० व्होल्ट लाइनचा जोड भिजतो, वायरी टेकतात आणि सगळा भार त्याच्यावर येतो. जाताना तो एमिटरचा रेझिस्टर ओपन करतो, ड्रायव्हर शॉर्ट करतो, कधी बायसचा डायोडही घेऊन जातो. हे तिन्ही तपासल्याशिवाय नव्या जोडीची पुडी उघडूच नये.

आता त्या पुडीविषयी. नंबर तोच छापलेला असला तरी आतली चिप तीच असेल असं नाही. डुप्लिकेटमध्ये चिप लहान असते. साध्या मीटरवर तो उत्तम दिसतो, कारण मीटर त्याच्यातून जेमतेम काही मिलिअँपिअर पाठवतो. बेस-एमिटरमधली कपॅसिटन्स एखाद्या अस्सल जुन्या ट्रान्झिस्टरशी ताडून पाहा. फारच कमी भरली तर तो ट्रान्झिस्टर परत करा. अस्सल मालातही भेद आहे. सुरुवातीचे २एन३०५५ संथ होते. नंतरचे एपिटॅक्सियल पद्धतीचे कितीतरी वेगवान. जुन्या सर्किटमध्ये ते कधी कधी ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेट होतात, आणि आवाज नसतानाही हीट सिंक तापते. म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच बनावटीचे, शक्यतो एकाच लॉटचे घ्यावेत.

जर्मेनियमचे एसी १२८ वगैरे असतील तर तिथे सिलिकॉन थेट चालत नाही. जर्मेनियमला बेसवर ०.२ ते ०.३ व्होल्ट लागतात, सिलिकॉनला ०.६ च्या वर. बायस बदलावाच लागतो.

बसवताना अभ्रकाची चकती विसरू नका. या ट्रान्झिस्टरची टोपी म्हणजेच कलेक्टर; चकतीला बारीक चीर असली तरी सप्लाय थेट बॉडीवर येतो. दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट अगदी पातळ लावा आणि स्क्रू आवळल्यावर टोपी ते हीट सिंक मीटरने तपासा.

पहिला करंट सिरीज बल्बमधूनच द्या. बल्ब तारेचा हवा, १०० वॉटचा. एलईडीचा इथे उपयोग नाही. तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आहे, लगेच बंद करा. तारेचे बल्ब आता दुकानांत कमी दिसतात, तेव्हा मिळेल तेव्हा दोन घेऊन ठेवा.

बल्ब काढल्यावर, भोंगा न जोडता, एमिटरच्या रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट मोजा. ०.४७ ओहमवर १४ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ३० मिलिअँपिअर. योग्य आकडा सर्किटप्रमाणे बदलतो. ॲम्प्लिफायर चांगला तापू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा चढतच राहिला, तर बायसचा डायोड हीट सिंकपासून सुटलेला आहे का ते आधी पाहा.