दस्त्यावरचा पांढरा डाग

खंडेनवमीला माळ्यावरची छऱ्याची बंदूक पाटावर येते, हळदकुंकवाची ओली बोटं लागतात आणि दुसऱ्या दिवशी दस्त्यावर पांढुरका डाग दिसतो. डाग वाईट, पण माहिती चांगली देतो: वर बहुधा लाखेचं पॉलिश आहे. आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवून बघा. चिकटलं, तर लाखच.

छऱ्याचीच म्हणतोय. 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 जूलपर्यंत जोर असलेल्या एअर रायफलला 2016च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. परवान्याची बंदूक मात्र परवानाधारक दुकानदाराकडेच न्यावी. दुरुस्तीच्या धंद्यालाही 1959च्या कायद्याने परवाना लागतो.

स्क्रू काढून लाकूड वेगळं करा. जुनी लाख स्पिरिटने उतरते, खरवडायची गरज नाही. खड्डा पडला असेल तर घाईने लांबी भरू नका. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तुटलेले येत नाहीत, तिथेच लांबी. मग 120, 220, 400 असा पॉलिश पेपर, नेहमी रेषेच्या दिशेने. नळी बसते ती खाच मात्र घासू नका, रंगवूही नका. तिथलं माप हललं की बंदूक आत डुगडुगते आणि नेम जातो.

रंग की तेल? रंगाने सुंदर लाकूड झाकायचं मला पटत नाही. फारच ठिगळं असतील तर गोष्ट वेगळी. एकदा जुलैत डोंबिवलीच्या गॅलरीत मी हौसेने लॅकर मारलं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि सगळं दुधाळ होतं. खाडीकाठच्या ठाण्यातही तेच. हे काम दसऱ्यानंतरचं, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हातलं.

डबल बॉइल्ड जवसाचं तेल अगदी पातळ चोळावं, दहा-पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसावं. ते पाण्यासारखं उडत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. म्हणून तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा. पुढचा हात दुसऱ्या दिवशी, तोही बोटाला चिकटत नसेल तरच, असे चार-पाच. तोवर दस्ता सुतळीने टांगलेला, आणि घरात तेलाचा वास.