एका फळीचा पसारा

दहावीला बोर्ड असतं, दुकानावर बोर्ड असतो, कॅरमला बोर्ड लागतो आणि विमानतळावर बोर्डिंग पास मागतात. हा इंग्रजी शब्द आपण इतका घरचा करून घेतलाय की त्याचं कूळ कुणी विचारतच नाही. ते अगदी साधं आहे: जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे लाकडाची फळी.

खरी गंमत सुरू होते जेवणाच्या वेळी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जेवणाचं टेबल म्हणजे बहुधा लाकडी घोड्यांवर टाकलेली फळी. जेवणं उरकली की उचलून ठेवायची. फळीचं झालं टेबल आणि टेबलाचं झालं जेवण! पैसे मोजून दुसऱ्याच्या घरी जेवणारा तो बोर्डर. ‘लॉजिंग-बोर्डिंग’ या पाटीवरचं लॉजिंग म्हणजे राहणं आणि बोर्डिंग म्हणजे जेवण. स्वीडिश लोक तर टेबलाला आजही ‘बूर्ड’च म्हणतात.

आपल्याकडे या बोर्डिंगने केवढं काम केलं! शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात, १९२४ पासून, सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली. त्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. बोर्डिंगमधलं ‘जेवण’ याहून मोठ्या मनाने कुणी वाढलं असेल असं मला वाटत नाही.

टेबलाभोवती बसून निर्णय घेणारी मंडळीही बोर्डच झाली. १९२८ साली स्थापन झालेलं आपलं क्रिकेट बोर्ड त्यातलंच. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले की व्यवहार ‘अबव्ह बोर्ड’. कपबोर्डला आधी दारं नव्हतीच, ती पेले मांडायची फळी होती. आणि गाडीचा डॅशबोर्ड? घोडागाडी हाकणाऱ्याच्या पुढ्यातली उभी फळी, टापांनी उडणारा चिखल अडवणारी.

जहाजावर तर निराळीच कथा. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे जहाजाची बाजूही, म्हणून जहाजात चढणं ‘ऑन बोर्ड’. उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, पण त्याचा ताऱ्यांशी काडीचा संबंध नाही. सुकाणूचं वल्हं उजवीकडे असे, त्या ‘स्टिअर’चंच हे रूप. वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डावीकडून धक्क्याला लावत. डावी बाजू होती ‘लारबोर्ड’. वादळात आरडाओरडा चालू असताना हे दोन शब्द वेगळे ऐकू येणार कसे? अखेर १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढला: लारबोर्ड बंद, यापुढे ‘पोर्ट’ म्हणायचं. विमानांतही डाव्या-उजव्या बाजूंना हीच नावं चालतात आणि प्रवासी बहुतेक वेळा चढतात ते पोर्टच्या, म्हणजे डाव्या दारानेच. जेवणाच्या ट्रॉल्या मात्र सहसा स्टारबोर्डकडून आत येतात.