प्रयोग ओळखता येत नाही? शेतातलंच वाक्य घ्या अन् एक शब्द बदलून बघा

छत्रपती संभाजीनगर : कापूस वेचून घरी आलेल्या आईला लेकरू विचारतं, "या वाक्याचा प्रयोग कोणता?" आई म्हणते, "मला काय विचारतो, मी कुठं शिकले?" मग प्रश्नाचा फोटो मोबाईलमध्ये टाकायचा, आलेलं उत्तर वहीत उतरवायचं. गृहपाठ संपला. परीक्षेत मात्र वाक्य दुसरंच येतं.

बारावीच्या मराठी युवकभारतीत प्रयोग आहे. पोलीस भरती, तलाठी भरतीच्या तयारीतही तो सुटत नाही. पण तो ओळखायला मराठी बोलणारा कान पुरतो, आणि तो आईकडे आहेच.

प्रयोग म्हणजे क्रियापद कोणाचं ऐकतं, एवढंच. काम करणाऱ्याचं, म्हणजे कर्त्याचं? की ज्याच्यावर काम होतं त्या कर्माचं?

"दादा बैल सोडतो." दादाच्या जागी ताई घाला: "ताई बैल सोडते." सोडतोचं सोडते झालं. क्रियापद कर्त्याचं ऐकतंय, म्हणून कर्तरी.

"आईने कापूस वेचला." आता आईच्या जागी बाबा घातले तरी 'वेचला' तसंच राहतं. मग कापूस बदला: "आईने बोंडं वेचली." इथं बदललं. कर्माचं ऐकतंय, म्हणून कर्मणी.

"दादाने बैलाला सोडलं." ताई घाला, गाईला घाला, बैलांना घाला, 'सोडलं' हलत नाही. कोणाचंच ऐकत नाही, तो भावे.

बरीच पोरं एक सोपी खूण पाठ करतात : 'ने' दिसला की कर्मणी. इथंच मार्क जातात. वरच्या भावे प्रयोगातही 'ने' आहे. उलट "मी भाकरी खाल्ली" यात 'ने' कुठंच नाही, तरी तो कर्मणी आहे, कारण भात घातला की "मी भात खाल्ला" होतं. भूतकाळ म्हणजे कर्मणी, ही खूणही फसवी. "ताई कविता शिकली", "दादा कविता शिकला" : भूतकाळच आहे, पण कर्तरी.

दोन गोष्टी सांभाळा. एका वेळी एकच शब्द बदला, काळ बदलू नका. आणि नवा शब्द वेगळ्या लिंगाचा किंवा वचनाचा घ्या. कापसाच्या जागी भुईमूग घातला तर दोन्ही पुल्लिंगी, क्रियापद हलणारच नाही, अन् पोरगं भावे लिहून मोकळं होईल.

घरी "आईनं" म्हणा, काही बिघडत नाही, कसोटी तशीच चालते. उत्तरपत्रिकेत मात्र पुस्तकातल्यासारखं "आईने" लिहायला सांगा. पुस्तक फाटलं असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. त्यातलं उत्तर हाताखाली झाकायचं, आधी शब्द बदलून बघायचा, मग हात काढायचा.

आज रात्री हे घ्या : "काकांनी विहिरीवरची मोटार चालू केली." मोटारीच्या जागी पंप घाला अन् लेकराला मोठ्यानं म्हणायला सांगा.