उचलून नेता न आलेलं घर

भिंतीतलं कपाट अर्धवट उघडं आहे. जाळीच्या दाराची सावली आतल्या फळीवर पडली आहे. पुस्तकं कुणी तरी घाईत ठेवल्यासारखी कलंडली आहेत. एका बाजूला चिलखताचे भाग टांगलेत, दुसरीकडे वाद्यं मांडून ठेवली आहेत. पलीकडच्या कमानीत फळांची टोपली आहे, तिच्याशेजारी एक खार बसली आहे आणि तिच्या मागे दूरवर टेकड्या दिसतात. हात पुढे केला तर दार लागेल, असं वाटतं. पण तिथं कपाट नाही, दार नाही, सावलीही नाही. सपाट भिंत आहे आणि तिच्यावर वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे बारीक तुकडे सांधा दिसणार नाही इतके घट्ट बसवलेले आहेत.

इटलीतल्या उर्बिनो गावच्या राजवाड्यातली ही खोली. लांबी-रुंदी जेमतेम साडेतीन मीटर; आपल्याकडच्या लहानशा बेडरूमएवढी. छताखालच्या पट्टीवर मालकाचं नाव आणि १४७६ हे साल कोरलेलं आहे. मालक होता उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो, आणि ही त्याची एकट्यानं बसून वाचायची खोली, म्हणजे ‘स्तुदिओलो’. आज हा सगळा राजवाडा मार्के प्रांताचं राष्ट्रीय कलासंग्रहालय आहे.

राजवाड्यातल्या संग्रहालयात गेलो की आपण चित्रांमागे धावतो. नावाजलेल्या चित्रांची यादी हातात असते; एकेक पाहायचं आणि पुढच्या दालनात जायचं. उर्बिनोत तसं केलं तर अर्धा वाडा हातचा जातो. कारण इथल्या दालनांत आज दिसणारी बहुतेक चित्रं मुळात या घरातली नाहीत, आणि जी होती ती केव्हाच गेली. घरातलं अस्सल असं काय उरलं? भिंतीला, दाराला, चुलीला, छताला जे पक्कं जोडलेलं होतं, तेवढं. जे उचलून नेता आलं नाही, ते.

लढाईच्या पैशातला वाडा

फेदेरिको १४४४ मध्ये गादीवर आला तो सरळ वाटेनं नाही. त्याच्या सावत्र भावाचा खून झाला आणि बावीस वर्षांच्या फेदेरिकोच्या हाती सत्ता आली. राज्य डोंगराळ आणि लहान. त्यावर एवढा वाडा उभा राहणं शक्य नव्हतं. पैसा आला तो तलवारीतून. इटलीत तेव्हा शहरं आणि राजे पैसे मोजून सेनापती नेमत. या पेशाला ‘कोन्दोत्तिएरे’ म्हणत, आणि फेदेरिको त्यातला सर्वांत मागणी असलेल्यांपैकी एक होता. लढण्याचे पैसे मिळतच, शिवाय आपल्या विरोधात जाऊ नये म्हणूनही मिळत.

१४५० मध्ये भाल्यांच्या खेळात त्याचा उजवा डोळा गेला. पिएरो देल्ला फ्रांचेस्कानं काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात म्हणूनच चेहऱ्याची डावी बाजू दिसते आणि नाकाच्या मुळाशी तो विचित्र खळगा.

या माणसाला नुसता कलाप्रेमी म्हणून मोकळं होता येत नाही. १४७२ मध्ये त्याच्या नेतृत्वाखालच्या सैन्यानं व्होल्तेर्रा शहर लुटलं. त्या लुटीतलं हिब्रू बायबलचं एक भव्य हस्तलिखित थेट त्याच्या ग्रंथालयात आलं. ज्या हातांनी शहर मोडलं, त्याच हातांनी पोथी जपली. या वाड्यात फिरताना दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्या लागतात.

वाडा वाचायचा कसा

वाड्याचा मुख्य आकार दिला तो अ‍ॅड्रियाटिक समुद्रापलीकडच्या दाल्मेशियातून आलेल्या लुचानो लौराना या वास्तुकारानं. १४७२ नंतर काम फ्रांचेस्को दि जोर्जो मार्तिनीकडे आलं. दोन निमुळते मनोरे आणि त्यांच्यामध्ये एकावर एक सज्जे, हे वाड्याचं सगळ्यात ओळखीचं रूप गावाकडे पाठ करून दरीकडे तोंड करून उभं आहे. रस्त्यानं येणाऱ्याला ते लांबूनच दिसावं, हाच हेतू.

आत शिरल्यावर पहिला थांबा चौकाचा. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यासारखाच हा मधला मोकळा चौक, चारी बाजूंनी कमानींची ओसरी. इथं कोपऱ्यांकडे पाहा. फ्लोरेन्सच्या मेदिची वाड्यात दोन बाजूंच्या कमानी कोपऱ्यातल्या एकाच बारीक खांबावर येऊन टेकतात. कोपरा नाजूक वाटतो आणि वरच्या खिडक्या एकमेकींना खेटतात. लौरानानं कोपऱ्यात काटकोनी, भक्कम स्तंभ घातले. एवढ्याशा बदलानं चारही भिंती आपापल्या जागी स्वस्थ उभ्या राहिल्या. या चौकात जी शांतता जाणवते, तिचं मूळ त्या चार कोपऱ्यांत आहे.

दुसरी खूण दारांच्या चौकटींवर आणि शेकोटीच्या दगडांवर. तिथं मालकाची आद्याक्षरं कोरलेली दिसतात. ‘एफ सी’ असेल तर तो भाग १४७४ च्या आधीचा, कारण तेव्हा फेदेरिको काउंट होता. ‘डुक्स’ असं असेल तर नंतरचा, कारण त्या वर्षी पोपनं त्याला ड्यूक केलं. मार्गदर्शक सोबत नसला तरी ही अक्षरं दालनाचं वय सांगतात.

देवदूतांच्या दालनात मोठी दगडी शेकोटी आहे. तिच्या माथ्यावर निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी बाळदेवदूत नाचतात. शेजारच्या दारावर अपोलो आणि मिनर्व्हा लाकडातच घडवलेले. मग पायऱ्या उतरून तळघरात जा. स्वयंपाकघर, धुलाईघर, घोड्यांच्या पागा, ड्यूकचं स्नानघर, हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यापर्यंत साठवायची खोल विहीर. वरच्या मजल्यावरचं सगळं वैभव या अंधाऱ्या खोल्यांतल्या राबत्या हातांवर उभं होतं. बरेच पाहुणे तळघर वगळून निघून जातात. मी म्हणेन, एखादं दालन राहिलं तर राहू दे, पण तळघर चुकवू नका.

आणि मग स्तुदिओलो. लाकडाच्या या जडावकामाला ‘इन्तार्सिया’ म्हणतात. इथं रंग लावायचा नसतो. अक्रोड, ओक, पेअर अशा झाडांच्या लाकडाचे मूळ रंग आणि रेषांची दिशा यांतूनच उजेड आणि सावली उभी करायची. त्यासाठी यथादर्शनाचं, म्हणजे दूरचं-जवळचं दाखवण्याचं गणित चोख लागतं. ते किती चोख होतं याचा पुरावा भिंतीवरच्याच एका वाद्यात आहे. इथं क्लॅव्हिकॉर्ड हे पट्ट्यांचं वाद्य असं दाखवलं आहे की आधुनिक वाद्यकारांनी त्यावरून मापं काढून तसं वाद्य नव्यानं बनवलं. पाचशे वर्षं मुकं राहिलेलं वाद्य लाकडाच्या चित्रातून पुन्हा वाजतं झालं.

घर रिकामं होत गेलं

फेदेरिको १४८२ मध्ये गेला. १५०२ मध्ये सेनापती चेझारे बोर्जानं उर्बिनो घेतलं आणि वाड्यातल्या मौल्यवान वस्तू लुटल्या. व्होल्तेर्राचं दुःख उर्बिनोच्या वाट्याला आलं. पुढे राज्य देल्ला रोव्हेरे घराण्याकडे गेलं. १६३१ मध्ये त्यांचा शेवटचा ड्यूक पुरुष वारसाविना वारला आणि राज्य पोपच्या मुलखात विलीन झालं. जंगम मालमत्ता मात्र त्याच्या नातीच्या, वित्तोरियाच्या, वाट्याला आली. तिचं लग्न फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्यात झालं. नात सासरी गेली आणि आजोबांचा चित्रसंग्रह तिच्यामागून गेला. फेदेरिको आणि त्याची पत्नी बात्तिस्ता यांची पिएरोनं काढलेली चित्रं, तिशियनची नावातच उर्बिनो असलेली ‘व्हीनस’, सगळं आज फ्लोरेन्सच्या उफ्फित्सी संग्रहालयात आहे.

ग्रंथालयाचं प्रस्थान १६५७ मध्ये झालं. फेदेरिकोनं हयातभर लिहवून घेतलेली हस्तलिखितं पोप सातव्या अलेक्झांडरनं व्हॅटिकनला नेली. व्होल्तेर्राचं ते बायबलही त्यांत होतं. स्तुदिओलोच्या वरच्या भागात तत्त्वज्ञ, कवी, संत अशा अठ्ठावीस थोर पुरुषांची चित्रं होती. बारबेरिनी घराण्यातल्या कार्डिनलनं ती रोमला नेली. पुढे त्यांची फाटाफूट झाली: चौदा पॅरिसच्या लूव्रमध्ये पोहोचली, चौदा इटलीतच राहिली. ही चौदा सरकारनं १९३४ मध्ये विकत घेऊन उर्बिनोला परत आणली. २०१५ मध्ये लूव्रची चौदाही काही काळापुरती आली आणि अठ्ठावीस जण पुन्हा एका खोलीत जमले. मग पाहुणे परत गेले.

भिंतीवरची खार मात्र कुठेच गेली नाही. तिला नेण्यासाठी भिंतच उपटावी लागली असती. असं घडलंही आहे: फेदेरिकोच्या गुब्बिओ इथल्या वाड्यातली अशीच जडावकामाची खोली आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभी आहे. उर्बिनोची वाचली.

दुसऱ्यांदा भरलेलं घर

१९१२ मध्ये या रिकाम्या दालनांत संग्रहालय सुरू झालं. मार्के प्रांतातल्या चर्चमधली आणि मठांमधली चित्रं इथं आणली गेली. पिएरोचं ‘फटक्यांची शिक्षा’ हे चित्र गावच्याच कॅथेड्रलमधून आलं. साधारण ५८ बाय ८१ सेंटिमीटरचं, भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा थोडंसं मोठं. शीर्षकातली घटना, ख्रिस्ताला पडणारे फटके, मागे दूर घडते आणि समोर उजवीकडे तीन माणसं तिच्याकडे न पाहता उभी आहेत. ती कोण, यावर अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. फरशीच्या नक्षीवरून चित्रातल्या इमारतीच्या जमिनीचा पूर्ण नकाशा मांडता येतो, इतकं ते मोजून काढलेलं आहे. आधी चौक पाहिला असेल तर हे चित्र जास्त कळतं, कारण दोन्हींमागे मोजमापावरची तीच श्रद्धा आहे.

‘आदर्श नगर’ हे लांबट चित्र सांता क्यारा मठातून आलं. मधोमध गोल मंदिर, त्याचं दार किंचित उघडं, खिडक्यांत रोपं, आणि रस्त्यावर एकही माणूस नाही. चित्रकार अज्ञात आहे. चित्रकार राफाएल १४८३ मध्ये याच गावात जन्मला, पण गावात त्याचं मोठं चित्र नव्हतं. म्हणून ‘ला मूता’, म्हणजे ‘मुकी’, हे स्त्रीचित्र १९२७ मध्ये फ्लोरेन्सहून इथं दिलं गेलं. फ्लोरेन्सनं केलेली ही लहानशी परतफेडच.

फेब्रुवारी १९७५ च्या एका रात्री चोरांनी ‘फटक्यांची शिक्षा’, पिएरोचंच ‘सेनिगालियाची माता’ आणि ‘ला मूता’ अशी तीन चित्रं पळवली. वर्षभरानंतर, मार्च १९७६ मध्ये, ती स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोत सापडली आणि धडधाकट घरी आली.

राखणदार

या वाड्याची मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट मात्र फेदेरिकोची नाही. दुसऱ्या महायुद्धात पास्क्वाले रोतोंदी हा तरुण कला-अधिकारी उर्बिनोत नेमणुकीवर होता. बॉम्बपासून वाचवण्यासाठी व्हेनिस, मिलान, रोम इथल्या हजारो कलाकृती त्याच्या ताब्यात देण्यात आल्या. त्यानं त्या जवळच्या सासोकोर्वारो किल्ल्यात लपवल्या. तो किल्लाही फ्रांचेस्को दि जोर्जोनंच बांधलेला. १९४३ मध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा पेट्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या गेल्या. ज्योर्जोनेचं ‘वादळ’ हे अनमोल चित्र रोतोंदीनं स्वतःच्या निजायच्या खोलीत ठेवलं. बरीचशी चित्रं उर्बिनोला आणून या राजवाड्याच्या तळघरात दडवली आणि पुढे त्यांतली अनेक व्हॅटिकनला सुखरूप पोहोचवली.

म्हणून तळघर चुकवू नका म्हटलं. शतकानुशतकं ज्या घरातून वस्तू बाहेर जात राहिल्या, त्याच घराच्या तळाशी काही काळ परक्या शहरांची ठेव सांभाळली गेली. युद्ध संपलं आणि ती ज्याची त्याला परत मिळाली.

उर्बिनोला रेल्वे जात नाही. पेझारो स्टेशनवर उतरून बसनं वर चढायचं. निदान अर्धा दिवस हातात ठेवा. आधी चौक, मग तळघर, मग वरची दालनं, आणि शेवटी ती साडेतीन मीटरची खोली. इतकं सगळं कसं गेलं हे कळल्यावर तिथं पाऊल टाकलं, म्हणजे लाकडातलं ते अर्धवट उघडं दार वेगळंच दिसतं. चारशे-पाचशे वर्षं प्रत्येक नेणाऱ्यानं ते पाहिलं असणार, आणि कुणालाच ते उघडता आलं नाही.