बटाट्याला वरखत केव्हा द्यावे?

बटाटा जमिनीखाली येतो. म्हणून पुष्कळ लोक त्याला मूळ समजतात. पण बटाटा हे मूळ नव्हे, ते खोड आहे. एक बटाटा हातात घेऊन पाहा. त्याला डोळे असतात. त्या डोळ्यांतून कोंब फुटतो. मुळाला असे डोळे नसतात.

बेणे लावले की कोंब वर येतात. मग जमिनीखाली झाडाच्या बुडाशी पांढरे दोरे आडवे निघतात. दोऱ्याचे टोक फुगते. तोच बटाटा. लावणीनंतर साधारण एका महिन्याने हे काम सुरू होते.

बटाटा फुगायला अन्न लागते. ते हिरव्या पानांत तयार होते आणि खाली उतरते. पाने वाढायला नत्र लागते. नत्र युरियात असते.

मग सगळा युरिया लावणीलाच टाकला तर? तेव्हा झाडाला मुळे कोठे असतात! कोंब बेण्याच्या पोटातल्या अन्नावर जगतो. पुष्कळसा युरिया पाण्याबरोबर खोल जातो. पोत्याचा पैसा पाण्यात जातो.

बरे, फार उशिरा टाकला तर? पाला माजतो. शेत हिरवेगार दिसते. मनाला बरे वाटते. पण झाड पाल्याच्याच नादी लागते. बटाटे लहान राहतात. साल कच्ची राहते. असा माल साठवणीत टिकत नाही.

म्हणून युरिया दोन हप्त्यांत द्यावा. शेणखत लावणीआधी जमिनीत मिसळावे. सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि निम्मा युरिया लावणीच्या वेळी द्यावा. उरलेला निम्मा एका महिन्याने द्यावा. यालाच वरखत म्हणतात. वरखताला एकरी ४५ किलोचे एक पोते साधारण पुरते. पण सगळी जमीन सारखी नसते. माती तपासून घ्या, म्हणजे नेमके माप कळेल.

वरखत कसे द्यावे?

आधी खुरपणी करा. नाहीतर खत तणच खाईल. पाने कोरडी असताना खत टाका. ओल्या पानांवर युरिया चिकटला तर पाने करपतात. झाडाच्या बुडावर टाकू नका. चार बोटे दूर, ओळीने टाका. युरिया उघडा राहिला तर त्यातले नत्र हवेत उडून जाते. म्हणून लगेच मातीने झाका. झाडाला मातीची भर लावा आणि हलके पाणी द्या.

भर लावल्याने आणखी दोन फायदे होतात. उघड्या बटाट्यावर ऊन पडले की तो हिरवा होतो, कडू लागतो. त्या हिरव्या भागात विष असते. तो खाऊ नये. दुसरे असे, की उघड्या बटाट्यावर पाकोळी अंडी घालते. तिची अळी बटाटा पोखरते. मातीखालचा बटाटा तिला सहज सापडत नाही.

पुणे जिल्ह्यात खेड-आंबेगावकडे खरिपातही बटाटा घेतात. तेथे पाऊस जोराचा असेल तर थांबा. वाफसा आला की मग खत द्या.

भावांनो, बहिणींनो, हे वाचून लगेच पटले पाहिजे असे नाही. यंदा चार ओळी तुमच्या जुन्या रीतीने करा. शेजारच्या चार ओळी या रीतीने करा. काढणीला दोन्हींचा माल वेगळा ठेवा. तराजूत घाला आणि वजने वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. पुढच्या वर्षी ती वही उघडून पाहा आणि मगच खत विकत आणा.